वनस्पतिजन्य पूरके आणि शरीरातील संप्रेरके

वनस्पतींपासून तयार केलेल्या गोळ्या, चूर्णे आणि अर्क यांची विक्री आता शहरातील औषधांच्या दुकानांपुरती राहिलेली नाही. आठवडी बाजारातून आणि मोबाईलवरील जाहिरातींतून ही पूरके खेडोपाडी पोहोचली आहेत. पाळीच्या तक्रारी, रजोनिवृत्तीचा त्रास, थायरॉईडचे विकार, अशक्तपणा अशा अनेक व्याधींवर ‘संप्रेरकांचा समतोल साधणारी’ म्हणून ती खपविली जातात. ‘झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय कसला?’ असा दिलासाही सोबत दिला जातो. हा दिलासा शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. ज्या वनस्पतीचा संप्रेरकांवर खरोखर परिणाम होतो, तिला प्रमाण, मुदत आणि पथ्य ही औषधाची तिन्ही बंधने लागू होतात.

संप्रेरकांचे कार्य

अंतःस्रावी ग्रंथी रक्तात जे स्राव सोडतात त्यांना संप्रेरके म्हणतात. वाढ, पचन, रक्तदाब, पाळी, गर्भधारणा या साऱ्यांचे नियमन ती करतात. त्यांची मात्रा अत्यल्प असते. कुलपात किल्ली बसावी तसे प्रत्येक संप्रेरक पेशीतील ठराविक जागी बसते आणि मगच पेशी कामाला लागते. काही वनस्पतींतील द्रव्यांची घडण या किल्लीशी मिळतीजुळती असते. ती द्रव्ये त्याच कुलपात शिरू शकतात. इतर काही द्रव्ये शरीरातील संप्रेरकांच्या निर्मितीत किंवा विघटनात बदल घडवितात.

मेंढ्यांनी दिलेला धडा

या गोष्टीचा ठळक पुरावा पशुपालनातून मिळाला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० नंतरच्या काळात बरसीमच्या कुळातील क्लोव्हर नावाच्या चाऱ्यावर पोसलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने वांझ राहू लागल्या. १९४६ मध्ये तेथील संशोधकांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढील संशोधनात दिसून आले की, चाऱ्यातील आयसोफ्लेव्होन वर्गातील एका द्रव्याचे मेंढीच्या पोटात रूपांतर होऊन ते इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागत होते. त्यानंतर हे द्रव्य कमी असलेल्या चाऱ्याच्या जाती विकसित करण्यात आल्या.

विदर्भ व मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या सोयाबीनमध्येही आयसोफ्लेव्होन असतात. यावरून सोयाबीन खाणे धोक्याचे आहे, असा अर्थ कोणी काढू नये. मेंढ्या दिवसभर तोच चारा खात होत्या. माणसाच्या मिश्र आहारातील सोयाबीनचे प्रमाण त्यामानाने थोडे असते आणि मानवी शरीरात या द्रव्यांचा प्रभाव इस्ट्रोजेनपेक्षा पुष्कळच सौम्य असतो. सोयाबीन हा प्रथिनांचा उत्तम स्रोत आहे. त्याचा अर्क काढून बनविलेल्या गोळ्यांचा प्रश्न निराळा आहे. रजोनिवृत्तीच्या वेळी अंगातून निघणाऱ्या वाफा अशा गोळ्यांनी काही स्त्रियांमध्ये थोड्याफार कमी होतात, काहींना मुळीच गुण येत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्या घेऊच नयेत. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाल्यास गोळ्यांवर वेळ न दवडता तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे. ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते.

घरातील ज्येष्ठमध

खोकल्यावर ज्येष्ठमधाची कांडी चघळणे हा घरोघरी चालत आलेला उपाय. अधूनमधून, थोड्या प्रमाणात घेतल्यास निरोगी माणसाला त्याची बाधा सहसा होत नाही. परंतु नेदरलँड्समधील डॉक्टर रेव्हर्स यांनी जठरातील व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा अनेकांचे व्रण भरून आले, तरी काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. हे निरीक्षण त्यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केले.

याचे कारण पुढे उलगडले. मूत्रपिंडाजवळील अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते. मूत्रपिंडात एक विकर त्याला निष्प्रभ करीत असते. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन या विकराचे काम रोखते. परिणामी कॉर्टिसॉलचा अंमल वाढून शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. पोटॅशियम फार घटल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. म्हणून युरोपीय तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये दररोज १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लिसरायझिन पोटात जाऊ नये, असा सल्ला दिला. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी ज्येष्ठमधाचे सेवन विशेष जपून करावे.

अश्वगंधा आणि थायरॉईड

अश्वगंधा आयुर्वेदात मान्यता पावलेली वनस्पती आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० रुग्णांच्या एका अभ्यासात, दररोज ६०० मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे घेतल्यावर थायरॉईडची संप्रेरके वाढल्याचे आढळले. अभ्यास लहान असल्याने त्यावरून उपचार ठरविता येत नाही. सावधगिरी मात्र शिकता येते. ज्याची थायरॉईड ग्रंथी आधीच अधिक काम करते, त्याला ही वाढ घातक ठरू शकते. जो थायरॉईडची गोळी घेतो, त्याची मात्रा बिघडू शकते. यकृतास इजा झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधायुक्त उत्पादनांवर बंदी घातली.

सर्वांत मोठी हानी होते ती चूर्णावर विसंबून नेहमीची गोळी बंद केल्यामुळे. थायरॉईडची कमतरता गरोदरपणात तशीच राहिली, तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर विपरीत परिणाम होण्याचा संभव असतो.

कायदा आणि गावाची जबाबदारी

‘औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ कायदा १९५४ साली झाला. स्त्रियांच्या पाळीचे दोष दूर करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे. आहारपूरकांसाठी २०१६ मध्ये केंद्रीय विनियम करण्यात आले. त्यांनुसार पूरकाच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ या अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. ज्या डबीवर ही सूचना आहे, तीच डबी रोग बरा करील असे विक्रेता सांगत असेल, तर तो ग्राहकाची दिशाभूल करीत आहे. अशी तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

ग्रामसभेत, महिला बचत गटांच्या बैठकीत आणि शाळेच्या पालकसभेत पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात :

१. परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व मुदत छापलेली नसतील अशी डबी वा सुटे चूर्ण घेऊ नये.

२. घेत असलेली प्रत्येक पुडी व काढा डॉक्टरांना वा वैद्यांना दाखवावा. ‘ते काही औषध नव्हे’ म्हणून लपवू नये.

३. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब यांवरील गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

४. गरोदर व स्तनदा मातांनी कोणतेही पूरक सल्ल्यावाचून घेऊ नये.

विज्ञानाचे शिक्षक ग्रंथींचा पाठ शिकविताना ज्येष्ठमधाचे उदाहरण घेऊ शकतील. आशा कार्यकर्त्यांना गृहभेटीत घरातील डब्या पाहून प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविता येईल. वनस्पतींच्या गुणांवरील लोकांचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. त्या गुणांइतकाच त्यांच्या मात्रेचाही विचार होऊ लागला, तर तो विश्वास सार्थ ठरेल.