सुटीतील वाचन : मुलांच्या हाती कोणता ग्रंथ द्यावा?

चैत्र सरतो, परीक्षा आटोपतात, वैशाखाचे ऊन अंगणात उतरते आणि घरोघरच्या आईबापांची एकच तक्रार आमच्या कानी येऊ लागते. "बुवा, पोराला सुटी लागली अन् आमच्या डोक्याला ताप झाला. दिवसभर हातात मोबाईल. पोथी वाच म्हटलं की पळून जातो." सप्ताहाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना हे बोल आम्ही इतक्या वेळा ऐकले आहेत, की या महिन्याचा पाठ याच विषयाला वाहावा असे मनात आले. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी सुटीत काय वाचावे, कसे वाचावे, आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्यात काय करावे, एवढाच आजचा विचार.

शास्त्रग्रंथ हाती घेताना चार गोष्टी आधी पाहाव्यात, असा जुन्या पाठशाळांचा दंडक आहे. अधिकारी कोण, विषय कोणता, संबंध काय आणि प्रयोजन काय. या चौकडीस अनुबंधचतुष्टय म्हणतात. वेदान्ताच्या ग्रंथास ती लागू, मग सुटीतल्या वाचनास का नसावी? त्याच क्रमाने पाहू.

प्रथम अधिकारी. "अजून लहान आहे, त्याला ज्ञानेश्वरी काय कळणार?" असे आपण म्हणतो. पण वाचकहो, जरा हिशेब करा. परंपरेने माउलींचा जन्म शके ११९७ चा, म्हणजे इ. स. १२७५ चा. नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. वजाबाकी पंधरा येते! आज दहावीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाचे जे वय, त्या वयात हा नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ सांगितला गेला. मुक्ताबाई तर त्यांहून चार वर्षांनी धाकटी. रुसून ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावास समजावणारे तिचे अभंग आपण टाळ वाजवून म्हणतो. पण म्हणणारी पोर त्या वेळी किती वर्षांची होती, हे मनात आणीत नाही. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाला पंधरा वर्षांच्या मुलाचा ग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही, हे कोणत्या तोंडाने म्हणावे? माउली ते माउली, त्यांची सर कोणास येणार, हे खरेच. पण सर येणे निराळे आणि जवळ बसणे निराळे. मुलाला जवळ बसू द्या.

आता विषय. येथे दोन टोके दिसतात. कोणी म्हणतो, पोथीवाचून दुसरे काही वाचू नये. कोणी म्हणतो, पोथी म्हातारपणी, आता गोष्टीच वाचाव्यात. दोन्ही मते आम्हांस एकांगी वाटतात. विष्णुशर्म्याची कथा आठवा. राजाचे तीन मंदबुद्धी पुत्र त्याच्या स्वाधीन झाले, तेव्हा त्याने त्यांस सूत्रे घोकायला लावली नाहीत. कावळा, कासव, उंदीर, सिंह यांच्या गोष्टी सांगितल्या आणि सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवले. गोष्ट हे दार आहे. दारातून आत आल्यावर घर दाखवता येते. दारच बंद केले तर घर दाखवणार कोणाला?

म्हणून आमची पहिली सूचना 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते छापले गेले. त्यात बेचाळीस रात्री आहेत. शाळेची उन्हाळी सुटी साधारण मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे सहा आठवड्यांची. सहा साते बेचाळीस. रोज एक रात्र वाचली तर सुटी आणि पुस्तक एकदमच संपतात. याहून सोपा नेम कोणता?

दुसरी सूचना 'गीता प्रवचने'. विनोबाजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. २१ फेब्रुवारीस पहिले आणि १९ जूनला अठरावे. ऐन उन्हाळ्यातले हे श्रवण. ऐकायला कैदी बसलेले आणि लिहून घ्यायला साने गुरुजी! भाषा अशी सोपी, की नववी-दहावीच्या मुलास अडू नये. तीन दिवसांस एक प्रवचन धरले तर चौपन्न दिवस लागतात. दहावीच्या मुलांची परीक्षा मार्चमध्येच संपते, त्यांच्याजवळ एवढे दिवस असतातच.

तिसरी सूचना ज्ञानेश्वरीचीच, पण सबंध नव्हे. बारावा अध्याय घ्यावा. भक्तियोगाचा हा अध्याय सुमारे अडीचशे ओव्यांचा. रोज दहा ओव्या, सार्थ प्रतीवरून, आधी ओवी मोठ्याने, मग अर्थ, मग पुन्हा ओवी. पंचवीस दिवसांत अध्याय होतो. गाथा देताना तर फारच जपावे. तुकोबारायांचे सुमारे साडेचार हजार अभंग एकदम पुढे टाकले तर मूल भांबावते. घरातल्या कोणी जाणत्याने वीस अभंग निवडून खूण घालून द्यावी. त्यांत दुष्काळाचे, दुकान बुडाल्याचे, स्वतःच्या मनाशी भांडल्याचे अभंग असावेत. मुलाला कळू द्या, की हा संत आपल्यासारखाच अडचणीतला गृहस्थ होता. ताहराबादच्या महिपतींचा 'भक्तिविजय' (१७६२) हाही सत्तावन्न अध्यायांचा संतकथांचा साठा आहे. तो क्रमाने न वाचता, आवडत्या संतापासून आरंभ केला तरी चालतो.

आणि या पोथ्यांच्या जोडीला इतर पुस्तकेही वाचू द्यावीत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. माणदेशातल्या धनगरवाडीवर गेलेला एक कोवळा मास्तर आणि दुष्काळाने उठून गेलेली वस्ती. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. दक्षिणा मिळवायला १८५७ साली कोकणातून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडला आणि झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहून परतला. त्याची हकीकत १९०७ साली छापली गेली. दि. बा. मोकाशी यांची 'पालखी' (१९६४) तर आपल्याच वाटेची. लेखक माउलींच्या पालखीबरोबर पायी चालला, दिंडीत राहिला, आणि जे दिसले ते लिहिले. आपली वारी बाहेरच्या डोळ्यांस कशी दिसते, हे वारकऱ्याच्या मुलाने अवश्य वाचावे. आरशात पाहिल्यावाचून कपाळीचा टिळा वाकडा की सरळ, हे कळत नाही.

कोणी म्हणेल, "बुवा, कादंबरी वाचून देव भेटतो का?" भेटत नाही. पण दुसऱ्याचे दुःख भेटते. दुसऱ्याच्या दुःखाने ज्याचे मन हलत नाही, त्याने कितीही पारायणे केली तरी भूतदयेचा पाठ त्याचा कच्चाच राहिला म्हणायचा.

आता संबंध. पुस्तकाचा मुलाशी संबंध जडला पाहिजे, आणि तो हुकमाने जडत नाही. "रोज पाच पाने वाच, नाहीतर जेवण नाही" असे म्हटल्याने मूल पाने उलटते, वाचीत नाही. त्याहून एक जुनी युक्ती सांगतो. सुटीत मुले आजोळी जातात. आजीला अक्षर येत नाही, पण शंभर अभंग पाठ. नातवाला अक्षर येते, पाठ काहीच नाही. दोघांचा सौदा लावून द्या. दुपारी ओसरीवर नातवाने आजीला भक्तिविजयातली एक कथा वाचून दाखवावी, आजीने त्याला एक अभंग चालीवर शिकवावा. नातू अडखळला की आजी पुढचे सांगते, आजी चुकली की नातू पोथीत बोट ठेवतो. सुटी संपेतो दोघेही श्रीमंत. श्रवण, मनन, निदिध्यासन या तीन पायऱ्या आपण कीर्तनात सांगतो. त्यांतली पहिली पायरी अशी ओसरीवरच बांधून होते.

मोबाईलचे म्हणाल, तर त्याला शिव्या देऊन काही साधत नाही. ज्ञानेश्वरी आणि गाथा आज त्याच्यातही उघडता येतात. पण वाचायला बसल्यावर दर घटकेस तो टुणटुण वाजू लागला तर चित्त कसे ठरावे? वाचनाची एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. आणि हा नियम बापानेही पाळावा, बरं का! बाप पडद्यावर बोट फिरवीत बसलेला आणि मुलाला म्हणतो ग्रंथ वाच. मुलाने कोणाचे ऐकावे, बापाच्या तोंडाचे की बापाच्या बोटाचे?

पुस्तके आणायची कोठून, हाही प्रश्न खराच. सगळ्यांच्या घरी कपाट नसते. गावात वाचनालय असेल तर मुलाच्या नावाने सभासद व्हावे. नसेल तर मंदिरातल्या पेटीत दहा पुस्तके ठेवून मुलांनीच नोंदवही सांभाळावी. महाबळेश्वर-पाचगणीजवळचे भिलार हे गाव २०१७ सालापासून 'पुस्तकांचे गाव' झाले आहे. तेथे घराघरांत पुस्तके मांडून ठेवली आहेत आणि कोणीही बसून वाचावे. सुटीत कोठे जायचेच तर मुलांना एकदा तेथे न्यावे. आणि मुलींविषयी एक विनंती. सुटी म्हणजे मुलाला हुंदडायला मोकळीक आणि मुलीला पापड-कुरडया, धुणी-भांडी, धाकट्याला सांभाळणे, असे अजूनही पुष्कळ घरी चालते. मुलीच्या वाट्यासही ती वाचनाची घटका आली पाहिजे. शिऊरच्या संत बहिणाबाईंनी आपले चरित्र आपल्याच अभंगांत सांगून ठेवले आहे. ब्राह्मणाची बायको, कोवळ्या वयात कीर्तनाचे वेड, तुकोबांवर श्रद्धा, म्हणून नवऱ्याचा मार, तरी तिने तुकोबांनाच गुरू मानले. ते अभंग आपल्या लेकीच्या हाती द्या आणि ती काय म्हणते ते ऐका.

शेवटी प्रयोजन, आणि खरा नाजूक भाग येथेच आहे. वाचनाचे प्रयोजन काय? गुण वाढावेत? भाषणाला उपयोग व्हावा? ही फळे येतात, पण ती झाडाखाली पडलेली फळे. मुख्य प्रयोजन विवेक जागा होणे. आणि विवेक जागा झाला की मूल प्रश्न विचारते.

पंढरीस महाद्वारी नामदेवांच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मुलगा भक्तिविजय वाचील आणि विचारील, "देव ज्यांच्या घरी जेवला, त्यांना माणसांनी देवळाबाहेर का ठेवले?" 'श्यामची आई' लिहिणाऱ्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले, हे त्याला कळेल, आणि तो विचारील, "त्यांना उपाशी का बसावे लागले? आपले लोक त्या वेळी काय करीत होते?" त्या क्षणी आपण काय उत्तर देणार? "गप बस, मोठ्यांना उलट विचारू नये" असे म्हटले, की त्या मुलाने ग्रंथ मिटला म्हणून समजा. आणि तो ग्रंथाबरोबर आपल्यालाही मिटून ठेवतो. मग पुढे दहा वर्षांनी आपण कीर्तनात विचारतो, "तरुण मंडळी दिसत नाहीत, सगळी पांढरी डोकीच कशी?" ती त्या दिवशीच उठून गेली होती.

माउलींचा ग्रंथ तरी कशातून निघाला? अर्जुनाच्या प्रश्नांतून. अर्जुन गप्प बसला असता तर गीता पहिल्या अध्यायातच संपती. भगवंतांनी त्यास "उलट बोलतोस" म्हणून रथाखाली उतरवले नाही. अठरा अध्याय उत्तर दिले. ज्या संप्रदायाचा मूळ ग्रंथच प्रश्नोत्तरांचा, त्या संप्रदायाच्या घरात प्रश्नाची भीती कसली? मुलाने विचारले तर खरे सांगावे. जे चुकीचे झाले ते चुकीचे झाले म्हणावे. आपल्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याशेजारी बसून आपणही वाचावे. आमची तर खात्री आहे, की खरे ऐकलेले मूल संतांपासून दूर जात नाही. झाकलेले पाहिले म्हणजे दूर जाते.

तेव्हा आता कृती. पुष्कळ घरी ज्ञानेश्वरी तांबड्या फडक्यात बांधून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असते. तिला गंध-फूल रोज, उघडणे मात्र वर्षातून एकदा. या सुटीत ते फडके सोडा. मुलांचे हात मळके असतील, पानाला डाग पडेल, एखादा कोपरा दुमडेल. पडू द्या डाग. वाचून जीर्ण झालेला ग्रंथ हीच त्या ग्रंथाची खरी पूजा.

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून आणि अष्टमीस आळंदीहून पालख्या निघतील. बहुधा जूनमध्ये, अधिकमास मध्ये आला तर जुलैत. तोवर सुटी संपून शाळा भरलेल्या असतील. वाटेवर एखाद्या विसाव्याला आपली गाठ पडली तर आपल्या मुलाने किती पाने वाचली, हे आम्ही विचारणार नाही. त्याने कोणता प्रश्न विचारला, तेवढे सांगा.

रामकृष्णहरी.