सही करण्याआधी, मनू

मनू, तुझ्या फर्मची पाटी लागली, पहिलं ऑडिटही आलं. फार आनंद झाला गं. पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालायचीच आहे.

ऑडिटरला भागधारक नेमतात, असं कायदा सांगतो. प्रायव्हेट कंपनीत हे भागधारक कोण? शेठ, त्यांच्या मिसेस आणि धाकटे भाऊ. संचालकही तेच. ज्यांचे हिशेब तपासायचे, तेच तुला नेमणार आणि फीही तेच ठरवणार. दहा वर्षांनी फर्म बदलायची सक्ती प्रायव्हेट कंपनीला कधी? भरणा भांडवल किंवा बँकांचं कर्ज ५० कोटींपर्यंत पोचलं तर. आपले क्लायंट कुठले तिथवर जायला! तेव्हा तिथे ताठ उभं राहायचं ते तुझं तुलाच.

सुरुवात अगदी साध्या बोलण्यातून होते. ‘मॅडम, टॅलीतल्या एंट्र्याही तुमच्याच मुलांकडून करून द्या ना.’ नाही म्हण. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १४४ छोट्या कंपनीलाही लागू आहे, ऑडिटरने हिशेब लिहायचे नाहीत. आपणच लिहिलेल्यातली चूक आपल्याला दिसत नाही गं.

माझं सांगते. एका कारखान्यात बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमधला माल आणि टॅलीतला माल जुळेना. ३० सप्टेंबरची मुदत तोंडावर आलेली. शेठ म्हणाले, ‘बँकेला चालतं, मग तुम्हाला काय अडचण?’ गोडाऊनमध्ये मी स्वतः पाऊलही ठेवलं नव्हतं, आर्टिकलच्या मुलाने आणलेल्या कागदावर विसंबले होते. सही केली. पुढे खातं थकलं, बँकेची माणसं आली, आणि ताळेबंदाखाली नाव माझं. कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आता ऑडिट अहवालाचा आदेश, कारो २०२०, जिथे लागू आहे, तिथे मालावर-येण्यांवर ५ कोटींहून जास्त लिमिट असेल तर ही तफावत अहवालात लिहावीच लागते. पण कलम नसतं तरी ती मी लिहायला हवी होती.

म्हणून माल मोजताना तू स्वतः हजर राहा. बँकेचं शिल्लक पत्र थेट तुझ्या ऑफिसात येऊ दे, कंपनीच्या अकाउंटंटच्या हातून नको. आणि एकाच शेठच्या फीवर ऑफिसचं भाडं काढू नकोस, मग नाही म्हणताना जीभ अडखळते. अगदीच जमेना, तर राजीनामा दे, पण ३० दिवसांत एडीटी-३ फॉर्म भरून, खरं कारण लिहून.

शनिवारी फाईल घेऊन ये. स्टॉकचे कागद दोघी मिळून बघू.