दुखणे थांबले, म्हणून दात बरा झाला काय ?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी गालाला हात लावून बसलेला दिसे. विचारपूस केली तेव्हा कळले, की खालची दाढ ठणकते आहे आणि रात्रभर डोळ्यास डोळा लागत नाही. बिदरला जाऊन दात दाखवून घे, असे आम्ही त्यास सांगितले. घरी लवंग दाबून धरण्याचा उपाय झाला, औषधाच्या दुकानातून गोळ्या आल्या, आणि आठवड्याभराने तो हसतमुखाने म्हणाला, "सर, दाढ बरी झाली." त्याच्याबरोबर आम्हीही निश्चिंत झालो. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला, तो सुजलेला गाल घेऊनच. तोंड धड दोन बोटेही उघडत नव्हते. दाढ बरी झालेली नव्हती. ती आतून मेली होती.

ही चूक एकट्या त्या मुलाची नव्हे. दुखणे म्हणजे रोग आणि दुखणे थांबणे म्हणजे आरोग्य, असे आपण सारेच धरून चालतो. दाताच्या बाबतीत हा समज मनुष्यास एकदा नव्हे, दोनदा फसवितो. ते दोन प्रसंग कोणते, आणि ज्यास आपण बोलण्यात 'रूट कॅनाल' म्हणतो तो उपचार काय आहे, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या घरच्या मंडळींस समजावे, एवढ्याचसाठी हा लेख.

दाताच्या आत काय असते ?

दात म्हणजे हाडाचा नुसता तुकडा, अशी पुष्कळांची कल्पना असते. वास्तविक दात सजीव आहे. त्याचे बाहेरचे शुभ्र आवरण म्हणजे दंतवल्क, म्हणजेच एनॅमल. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटीनचा थर असतो, आणि त्याच्याही आत मऊ गाभा. या गाभ्यात बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. गाभ्याच्या अरुंद नळ्या दाताच्या मुळांतून खाली उतरतात आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून जबड्याच्या हाडाशी जोडलेल्या असतात. समोरच्या दातास बहुधा एकच नळी असते. खालच्या दाढेस सामान्यतः तीन, वरच्या दाढेस तीन किंवा चार.

आपल्या बिदर परिसरातील मुलांस ही रचना समजण्यास दूर जावयास नको. नौबाद येथील पंधराव्या शतकातील बहामनी काळची कारेज अनेकांनी पाहिली असेल. जमिनीच्या पोटातून पाण्याचा बोगदा जातो आणि त्यावर ठिकठिकाणी उभे झरोके खोदलेले असतात. वरून चालणाऱ्यास खाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही. गाळ साचला की प्रवाह कोंडतो. २०१५ च्या सुमारास तेथील गाळ उपसण्याचे काम झाले, ते झरोक्यांतून आणि बोगद्यातून खाली उतरूनच. वरची जमीन झाडून ते झाले नसते. दाताच्या मुळातील नळ्यांचेही तसेच आहे. वरून कितीही घासले, तरी आतली घाण निघत नाही.

पहिली फसवणूक

दाताला 'कीड लागली' असे आपण म्हणतो, पण तेथे अळी वगैरे काही नसते. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल एनॅमलला हळूहळू विरघळविते. कीड एनॅमलपुरती असेल तर दुखत नाही. ती डेंटीनपर्यंत गेली की थंड व गोड झोंबू लागते. या अवस्थेत साधे सिमेंट भरून काम भागते. खर्च थोडा आणि त्रासही थोडा. जंतू गाभ्यापर्यंत पोहोचले म्हणजे मात्र गाभ्यास सूज येते. शरीरात अन्यत्र सूज आली तर ती पसरावयास जागा असते. येथे चहूकडून कठीण भिंती. म्हणूनच ही वेदना इतकी असह्य होते. गरम चहा घेतल्यावर बराच वेळ टिकणारी कळ आणि रात्री आडवे होताच वाढणारा ठणका, ही तिची ओळख.

काही दिवसांनी गाभा मरतो. मज्जातंतू मेले, की कळ थांबते. हीच पहिली फसवणूक. वेदना निघून गेलेली असते, जंतू मात्र तेथेच असतात. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तेथे पू धरतो. कधी हिरडीवर लहानशी पुळी येते, फुटते, पुन्हा येते. कधी दात काळसर पडतो. कधी महिनोन्‌महिने काहीच कळत नाही आणि एके दिवशी गाल सुजतो.

लवंगेच्या तेलातील युजेनॉल या द्रव्याने कळ घटकाभर कमी होते, हे खरे. परंतु त्याने रोग जात नाही. मशेरी दाबून धरणे तर घातकच, कारण ती तंबाखूच होय. जंतुनाशक गोळ्यांचाही भरवसा धरू नये. मेलेल्या गाभ्यात रक्त पोहोचत नाही. मग रक्तावाटे जाणारे औषध तेथवर पोहोचणार कसे? सूज पसरत असेल, ताप असेल, तर वैद्य त्या गोळ्या देतात. पण त्या उपचाराच्या जोडीला, त्याऐवजी नव्हे.

उपचार कसा होतो ?

प्रथम क्ष-किरणांनी दाताचे चित्र घेतात. राँटगेन यांनी हे किरण १८९५ साली शोधले, आणि लगेच १८९६ च्या जानेवारीत ओटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दाढांचे चित्र घेतले. त्यास पंचवीस मिनिटे निश्चल पडून राहावे लागले होते. आज ते काम क्षणार्धात होते.

नंतर इंजेक्शनाने तेवढाच भाग बधिर करतात. यासाठी बहुधा वापरले जाणारे लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले. ज्यांच्या आजोबांनी भुलेशिवाय दात उपटून घेतले, त्यांनी घरात सांगितलेल्या भयकथा आता लागू नाहीत. सूज फार असेल तर भूल लागण्यास वेळ लागतो. दुखत असेल तर हात वर करून सांगावे. सोसत बसू नये.

मग दाताभोवती पातळ रबरी पडदा लावतात, म्हणजे लाळ आत जात नाही आणि बारीक उपकरणे घशात पडत नाहीत. दाताच्या माथ्यावर छिद्र करून, कारेजच्या झरोक्यातून उतरावे तसे, बारीक लवचीक सुयांनी प्रत्येक नळी साफ करतात. नळीची लांबी मोजतात आणि जंतुनाशक द्रावाने ती पुनःपुन्हा धुतात. शेवटी नळ्या गटापर्चाने भरून बंद करतात. हा मलाया भागातील झाडांचा चीक. १८५१ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राखालून तारायंत्राची तार टाकली गेली, तेव्हा तिच्यात पाणी शिरू नये म्हणून हाच चीक वापरला होता. जो पदार्थ समुद्राला दाराबाहेर ठेवू शकतो, तो दाताच्या नळीचीही राखण करतो.

हे सारे कधी एका बैठकीत होते, कधी दोन-तीन बैठका लागतात. नंतर चार-दोन दिवस चावताना ठणकणे स्वाभाविक आहे. ओठ बधिर असेतो काही खाऊ नये. लहान मुले न कळत ओठ चावून जखम करून घेतात.

दुसरी फसवणूक

येथे आम्हांस स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही मूळचे समुद्रकाठचे, मातृभाषा कोकणी. नोकरीनिमित्त या लाल मातीच्या मुलुखात आलो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका दाढेचा हा उपचार झाला. नळ्या भरल्या, कळ थांबली. वैद्यांनी बजावले होते, की दाढेवर कॅप बसवून घ्या. कीड खरवडून आणि छिद्र करून दाढ पोकळ झाली आहे, चावण्याचा भार तिला सोसणार नाही. आम्ही मनात म्हटले, दुखत तर नाही. कॅपचा खर्च पुढच्या पगारात पाहू. तो पुढचा पगार आठ महिने आला नाही. एके संध्याकाळी फुटाणे खाताना दाढ उभी चिरली, मुळापर्यंत. ती काढावीच लागली. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आम्ही वर्गात कितीदा शिकविली असेल ! त्या दिवशी तिचा अर्थ आम्हांस नव्याने कळला.

कळ थांबली म्हणजे उपचार संपला, असे वाटणे ही दुसरी फसवणूक. कित्येक रुग्ण पहिल्या बैठकीनंतर परत जातच नाहीत. वर घातलेले तात्पुरते सिमेंट झिजते, लाळेवाटे जंतू पुन्हा आत शिरतात, आणि केलेले सारे व्यर्थ जाते.

म्हणून आरंभीच वैद्यांस विचारावे : नळ्या किती आहेत ? बैठका किती लागतील ? कॅप लागेल काय, आणि तिचा खर्च सांगितलेल्या रकमेत धरला आहे काय ? दात वाचण्याजोगा नसेल तर दुसरा मार्ग कोणता ? आपणही त्यांस सांगावे : मधुमेह, हृदयाच्या झडपेचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे, गरोदरपण, एखाद्या औषधाचे वावडे. नौबाद येथे दंतमहाविद्यालय आहे, कलबुर्गीतही आहेत. अशा ठिकाणी अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. वेळ अधिक लागतो, पण खर्च बहुधा कमी येतो.

हा उपचार नेहमीच यशस्वी होतो असे नाही. एखादी नळी वाकडी असते, एखादी सापडत नाही. मग उपचार पुन्हा करावा लागतो, क्वचित दात काढावाही लागतो. परंतु वरची दाढ काढली की दृष्टी अधू होते, हा समज निराधार आहे. रूट कॅनाल केलेल्या दातामुळे शरीरात इतर रोग उद्भवतात, हे मत विसाव्या शतकाच्या आरंभी बलवान होते आणि त्यापायी असंख्य दात उपटले गेले. पुढील संशोधनात ते टिकले नाही.

पालकांस एक विनंती

सुमारे सहाव्या वर्षी मुलांच्या दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. ती येताना दुधाचा कोणताच दात पडत नाही. त्यामुळे तीही दुधाचीच, पडेल आणि दुसरी येईल, असे समजून घरची माणसे दुर्लक्ष करतात. ती कायमची असते. तिच्या जागी दुसरी येत नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याची दाढ हीच होती. तेव्हा सहा-सात वर्षांच्या मुलाचे तोंड एकदा उजेडात पाहावे, रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासवून घ्यावेत, आणि काळा ठिपका दिसताच दुखण्याची वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरू लागली, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, ताप चढला, जीभ उचलल्यासारखी वाटू लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात जावे. तेथे प्रश्न दाताचा राहत नाही, प्राणाचा होतो.

त्या विद्यार्थ्याचा पू काढून, नळ्या साफ करून, त्याची दाढ वाचली. पुढच्या तारखा तो विसरू नये म्हणून आम्ही त्या त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिल्या होत्या, आणि त्याने एकही चुकविली नाही. आज त्याच्या दाढेवर कॅप आहे. आमच्या तोंडात त्या जागी पोकळी आहे. शिक्षकाने केलेली चूक विद्यार्थ्याने टाळली, हेही एक शिक्षणच म्हणावयाचे.