पालापाचोळा : जाळावा की कुजवावा?

माघ सरून फाल्गुन लागला की जालना औद्योगिक वसाहतीतील कडुनिंबांची पानगळ वाढते. कारखान्यांची आवारे, रस्त्यांच्या कडा व शाळांची पटांगणे पिवळ्या पानांनी भरून जातात. सकाळी झाडलोट होते, ढीग लागतात आणि पुष्कळदा त्या ढिगाला काडी लावली जाते. कचरा नाहीसा झाल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात तो हवेत मिसळलेला असतो.

धूर आणि ठिणगी

जालना हे पोलाद, बियाणे व कापूस यांचे केंद्र आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात या शहराचा समावेश झाला. येथे पाल्याचा धूर क्षुल्लक मानून चालणार नाही. दमट पाला भडकत नाही, धुमसत राहतो. त्यातून सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. थंड, स्थिर हवेत हा धूर जमिनीलगत साचतो व बालके, वृद्ध आणि दमेकरी यांना त्याचा विशेष त्रास होतो. पाल्यात प्लास्टिक मिसळलेले असल्यास तो अधिकच विषारी ठरतो. शिवाय वारा सुटला की एखादी ठिणगी कापसाच्या गंजीपर्यंत किंवा कुंपणापलीकडील पऱ्हाट्यांपर्यंत पोहोचू शकते.

कायद्याची भूमिका

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी रस्त्यावर वा सार्वजनिक जागी कचरा जाळण्यास मनाई केली आणि बागेतील कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेनुसार त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यावर संपूर्ण बंदी घातली व साध्या प्रकरणी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. विस्तवाबाबत निष्काळजीपणा करून इतरांचा जीव धोक्यात आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे.

पाल्याला जागा हवी

तथापि केवळ मनाईने काडी थांबत नाही. झाडलोट करणाऱ्या कामगाराला पाला कोठे टाकावा हे कोणी सांगितलेले नसते, म्हणून तो जाळतो. दोष त्याच्या माथी मारण्यापूर्वी आवाराच्या प्रमुखाने पाल्याला जागा दिली पाहिजे.

यासाठी पुसदचे नाडेपकाका पांढरीपांडे यांनी रूढ केलेली पद्धत सोयीची आहे. भिंतीत हवेसाठी झरोके ठेवून विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाके बांधावे. त्यात पाला, शेणकाला व माती यांचे थर द्यावेत, वरून शेणमातीने लिंपावे व ओलावा टिकवावा. सुमारे ३ ते ४ महिन्यांत खत तयार होते. टाके भरेपर्यंत पाल्याचे ढीग लहान ठेवावेत. ते विजेचे रोहित्र, इंधन व कापूस यांपासून दूर असावेत.

आग लागलीच तर

धुमसता ढीग काठीने विस्कटू नये, ठिणग्या उडतात. प्रथम पाणी किंवा माती टाकावी, मग ढीग सावकाश उलटून आतील निखारेही विझवावेत. विजेच्या तारांजवळ पाणी मारू नये. आग आवरत नसल्यास विलंब न लावता १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

ग्रामपंचायतीने पानगळीपूर्वी जागा नेमून द्यावी, कारखान्याने टाके बांधावे आणि शिक्षकांनी शाळेच्या आवारात एक टाके मुलांच्या हातून भरून घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच टाक्यातील खत नव्या रोपांच्या खड्ड्यांत पडले, की पाला का जाळू नये हे मुलांना निराळे शिकवावे लागणार नाही.