संगणकीय औषधसूची व मार्गदर्शिका : नामलेखनातील एकवाक्यता

चिकित्सालयांत व औषधालयांत संगणक येऊन आता बराच काळ लोटला. साठा, रुग्णपत्रक, देयके, मुदत संपत आलेल्या औषधांची यादी हे सर्व आपण त्याच्यावर सोपविले. औषधाचे नाव कसे लिहावयाचे हे मात्र ज्याच्या हाती कळफलक, त्याच्या मर्जीवर राहिले. प्रणालीसोबतच्या मार्गदर्शिकेत एका पृष्ठावर ‘गुग्गुळ’, दुसऱ्यावर ‘गुग्गुलु’. पडद्यावर ‘त्रिफळा’, तर छापील चिठ्ठीवर ‘त्रिफला’. वैद्याला यात काहीच अडचण नाही. अडचण संगणकाला आहे व तिची झळ रुग्णापर्यंत पोहोचू शकते.

संगणक शब्दाचा अर्थ जाणत नाही. प्रत्येक चिन्हाचा सांकेतिक क्रमांक तेवढा जाणतो. त्यामुळे अनुस्वाराने लिहिलेला ‘शंख’ आणि ङकाराने लिहिलेला ‘शङ्ख’ हे युनिकोडमध्ये दोन भिन्न शब्द ठरतात. गंधक-गन्धक, शुंठी-शुण्ठी यांचेही तेच. मराठी लेखननियमांनुसार ही दोन्ही रूपे चालतात, म्हणून कोणालाच चूक म्हणता येत नाही, आणि खरी गोम येथेच आहे. ह्रस्वदीर्घाचा प्रश्न याहून किचकट होय. मराठी नियमाने सुटा शब्द ‘त्रिभुवनकीर्ती’ असा दीर्घान्त. पण सामासिक ‘त्रिभुवनकीर्तिरस’ लिहिताना तोच इकार ह्रस्व. ‘पाऱ्याची कज्जली’ यातील अर्धा र तर दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एक सापडतो व दुसरा सापडत नाही.

आता याचा व्यवहारातील परिणाम पाहू. हृद्रोगाचा पूर्वेतिहास असलेल्या वृद्धासाठी वत्सनाभयुक्त कल्प टाळावयाचे आहेत, म्हणून वैद्याने घटकद्रव्यांत ‘वत्सनाभ’ शोधला. त्रिभुवनकीर्ती व आनंदभैरव पुढे आले. परंतु सूतशेखराच्या नोंदीत कोणी ‘बचनाग’ लिहिले असेल, तर तो कल्प यादीत येणारच नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, कुपीलु आदी विषद्रव्ये नमूद आहेत व ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. निदान या द्रव्यांच्या नावांत तरी शिथिलता नको.

संक्षेपांचा धोका आम्हांस याहून मोठा वाटतो. लघुसूतशेखरात गैरिक व शुंठी. सूतशेखरात पारद, गंधक, ताम्र, वत्सनाभ. ‘ल. सू.’, ‘लघु सूत’, ‘सूतशेखर (ल.)’ अशा नोंदी एकाच सूचीत असतील, तर नवा सहायक ‘सूतशेखर’ टंकून पहिली दिसेल ती ओळ निवडणार. उपसर्गवाचक पद नेहमी पूर्ण व नावाच्या आरंभीच असावे.

रोमन लिपीचा आश्रय घेतल्याने प्रश्न सुटतो असे काहींना वाटते. आमच्या मते तो वाढतो. अश्वगंधा कोणी ‘एस-एच-डब्ल्यू’ने लिहितो, कोणी ‘एस-व्ही’ने. उच्चारचिन्हे गाळली की ‘बला’ (चिकणा) आणि ‘बाल’ (वाळा, ह्रीबेर) यांचे लेखन एकच होते. ‘काश’ हे तृण आणि ‘कास’ हा व्याधी यांचेही तसेच होऊ शकते.

व्याधिनामांसाठी आयुष मंत्रालयाचे ‘नमस्ते’ संकेतस्थळ २०१७ पासून उपलब्ध आहे व तेथे प्रत्येक संज्ञेस संकेतांक आहे. आपल्या औषधालयातही हेच तत्त्व वापरता येईल. प्रत्येक औषधाला एक क्रमांक व एकच मुख्य नाम द्यावे; बचनाग, वछनाग अशी इतर रूपे पर्यायनामांच्या रकान्यात टाकावीत, म्हणजे काहीही टंकले तरी एकच नोंद उघडेल. मुख्य नाम संस्कृत असावे की मराठी, यावर वाद घालीत बसण्याचे कारण नाही. आम्ही संस्कृत नाम, परंतु अनुस्वारयुक्त मराठी लेखन, अशी निवड सुचवितो. दुसऱ्या कोणी परसवर्ण स्वीकारल्यास हरकत नाही, मात्र तो सर्वत्र असावा. उत्पादकाने वेष्टनावर छापलेले नाव सुधारू नये, ते स्वतंत्र रकान्यात जसेच्या तसे उतरावे. देयक व बाटली यांचा मेळ त्यावरूनच बसतो.

मार्गदर्शिकेची गोष्ट बहुधा विसरली जाते. पडद्यावरील कळीवर ‘घटकद्रव्ये’ आणि मार्गदर्शिकेत ‘घटक-द्रव्य’ किंवा ‘उपादाने’ असेल, तर शिकाऊ सहायक ती कळ शोधीत राहतो. प्रणाली पुरविणाऱ्याकडे मागणी करताना मान्य नामसूचीचे एक पान सोबत द्यावे व पडदा, चिठ्ठी, मार्गदर्शिका या तिन्ही ठिकाणी तेच लेखन मागावे. त्या पानावर दिनांक घालावा व नवे नाव समाविष्ट करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा. जुन्या नोंदी एकदम बदलू नयेत. प्रथम प्रत काढून ठेवावी, मग विषद्रव्ययुक्त कल्पांपासून आरंभ करावा. चूर्णे व काढे मागाहून घेतले तरी चालतील.