एल निनो आणि आपला पावसाळा

अलीकडे मृगाच्या बऱ्याच आधीं वर्तमानपत्रांत ‘एल निनो’ हा शब्द दिसूं लागतो, आणि तो वाचून कित्येक शेतकरी बंधु आपला बेत बदलतात. कोणी पेरा आखडता घेतो, कोणी घाबरून जनावरें पडत्या भावानें विकून टाकतो. ज्या समुद्रांत ही घडामोड होते तो आपल्यापासून हजारों कोस दूर आहे. तिचें स्वरूप समजल्यावांचून केवळ नांवाच्या धास्तीनें वर्षाची शेती ठरविणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू नांवाचा देश आहे. नाताळाच्या सुमारास किनाऱ्यालगत एक कोमट प्रवाह येतो असें तेथील कोळ्यांच्या पाहण्यांत आलें. बाळ येशूवरून त्यांनीं त्यास एल निनो, म्हणजे ‘बाळ’, असें नांव दिलें. एरवीं तें पाणी, विषुववृत्ताच्या इतकें जवळ असूनहि, थंड असतें. याचें कारण वारा. प्रशांत महासागरावर विषुववृत्तालगत व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात व वरचें तापलेलें पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. परातींतल्या पाण्यावर एका बाजूनें फुंकर घातली असतां तें पलीकडच्या कांठास चढतें, तसेंच हें होय. तिकडील समुद्राची पातळी पेरूकडील पातळीपेक्षां सुमारें अर्धा मीटर उंच राहते. पेरूकडे मोकळ्या झालेल्या जागीं खोलांतलें थंड पाणी वर येतें, आणि शेतास खत मिळावें तशीं खालचीं पोषक द्रव्यें त्याबरोबर वर येऊन मासळी पोसते. इंडोनेशियाकडील ऊन पाण्यावर मात्र हवा वर चढून ढग बनतात व भरपूर पाऊस पडतो.

दोन ते सात वर्षांच्या अंतरानें हे वारे मंदावतात. मग सांचलेलें ऊन पाणी पूर्वेकडे परततें. समुद्राच्या पोटांतून जाणारी त्याची लाट दोन-तीन महिन्यांत अमेरिकेच्या किनाऱ्यास पोंचते आणि थंड पाण्याचें वर येणें कमी होतें. पूर्वेकडील पाणी तापलें कीं वारे आणखी मंदावतात, आणि वारे मंदावले कीं पाणी आणखी तापतें. १९७२ सालीं असेंच झालें. पेरूची मासेमारी बुडाली (बेसुमार मासे धरणें हेंहि त्याचें एक कारण होतें), आणि त्याच सालीं महाराष्ट्रांत जो दुष्काळ पडला तो वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

या दोन टोंकांचा संबंध शोधण्याचें काम हिंदुस्थानांतच झालें. १८७७ व १८९९ च्या दुष्काळांनंतर पावसाचा आगाऊ अंदाज बांधण्याची निकड होती. १९०४ सालीं वेधशाळाखात्याचे मुख्य झालेले गिल्बर्ट वॉकर यांस असें आढळलें कीं, प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला म्हणजे हिंदी महासागराकडे तो घटतो, आणि उलटहि होतें. जणूं तराजूचीं दोन पारडींच. समुद्राच्या उष्णमानाशीं याची सांगड जेकब बियर्कनेस यांनीं १९६९ सालीं घातली. एल निनोच्या वर्षीं हवा चढण्याचें ठिकाण पूर्वेकडे सरकतें व आपल्या बाजूस हवा खालीं उतरूं लागते. अशा हवेंत ढग धरत नाहींत. देशाचा पाऊस सरासरीपेक्षां २००२ सालीं शेंकडा १९, २००९ सालीं २२ व २०१५ सालीं १४ नें उणा पडला, तीं तिन्ही वर्षें एल निनोचींच होतीं.

परंतु १९९७ सालीं एल निनो अत्यंत प्रबळ असतां पाऊस सरासरीहून थोडा अधिकच झाला! याचा उलगडा पुढें आपल्याच समुद्रांत मिळाला. १९९९ सालीं साजी, यामागाता वगैरे शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, हिंदी महासागरासहि स्वतःचा झोका आहे. कधीं आफ्रिकेकडील पाणी तापतें व सुमात्राकडील निवतें, तर कधीं याच्या उलट. पहिल्या प्रकारांत आपल्या पावसास बहुधा मदत होते, आणि १९९७ सालीं तोच प्रकार होता. मात्र हा झोकाहि निव्वळ मित्र नव्हे. २०१९ सालीं तो फार जोराचा होता. पाऊस देशभर सरासरीच्या शेंकडा ११० झाला खरा, पण अरबी समुद्र तापलेलाच राहिला, ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ व ‘महा’ हीं वादळें लागोपाठ उठलीं, आणि अवेळीं पावसानें काढणीस आलेलें सोयाबीन, भात व नाशिककडील द्राक्षबागा नासल्या.

तेव्हां बातमी कशी वाचावी? फेब्रुवारी ते मे या काळांत एल निनोविषयीं केलेलें भाकीत सर्वांत कच्चें असतें. त्यावरून बियाणें परत करूं नये. शिवाय सरासरी देशाची असते, आपल्या शिवाराची नव्हे. पैसेवारीच्या कामांत आमचीं वर्षें गेलीं. एकाच मंडलांत एक गांव पिकलेलें व शेजारचें करपलेलें असें आम्हीं कितीदां पाहिलें आहे. हवामानखात्याचा दुसरा अंदाज मेअखेर निघतो, तो पहावा. वर्ष वांकडें दिसत असल्यास कडब्याची गंज मोडूं नये, निव्वळ एका पिकाऐवजीं तुरीचें आंतरपीक घ्यावें, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याखेरीज तिफण जुंपूं नये.