पडक्या घराची खरी गोष्ट

टीव्हीवर पडका वाडा दिसला, की घरातली पोरे एकमेकांना चिकटून बसतात. आता भूत येणार! पडकी गिरणी दिसली, की आपण म्हणतो, इथे गुंडांचा अड्डा असणार. असे का बरे वाटते? पडक्या इमारतीत भूतच असते काय? तिथे कधी माणसे नांदली नाहीत काय?

वाचकहो, ह्या धड्यात आपण दोन तऱ्हेच्या इमारती पाहू. एक, कोकणातले बंद घर. दुसरी, मुंबईतली बंद गिरणी. दोन्ही इमारती टीव्हीवर दिसतात. दोघींचे एकमेकींशी नातेही आहे. ते नाते कोणते, ते ओळखायचे आहे.

कोकणातले बंद घर

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आकेरी नावाचे गाव आहे. तेथील एका जुन्या वाड्यात 'रात्रीस खेळ चाले' ह्या मराठी मालिकेचे चित्रण झाले. मालिका २०१६ साली सुरू झाली. पुढे तिचे आणखी दोन भाग निघाले. गोष्ट भुताखेतांची होती. लोकांनी ती घरोघर पाहिली. मग वाडा पाहायला लांबलांबून गाड्या येऊ लागल्या. लोक त्याला अण्णा नाईकांचा वाडा म्हणू लागले. अण्णा नाईक हे गोष्टीतले पात्र. पण खऱ्या वाड्याला गोष्टीतले नाव चिकटले.

कोकणात बंद घरे पुष्कळ आहेत. घरातले कर्ते माणूस पोटासाठी मुंबईस गेले. त्यास आपण चाकरमानी म्हणतो. पुढे बायकापोरेही गेली. मागे म्हातारी माणसे राहिली. तीही गेली, की दाराला कुलूप लागले. मग घर उघडते ते गणपतीला. काही घरे तेव्हाही उघडत नाहीत.

बंद घर लवकर का पडते? ऐका. घरात माणूस असला, की तो पावसाआधी छपरावर चढतो. फुटके कौल बदलतो. माणूस नसला, की फुटके कौल तसेच राहते. त्यातून पाणी वाशावर पडते. वासा कुजतो. वाळवी लागते. मग छप्पर खाली बसते आणि भिंतीवर पाऊस पडू लागतो. सुरुवात होते ती एका कौलापासून.

चित्रण कसे करतात?

आमच्या वाडीत असेच एक घर आहे. पडवी, ओटी, माजघर, मागे न्हाणीघर. बरीच वर्षे ते बंद होते. आठ वर्षांमागे एका मालिकेची मंडळी तिथे आली. घरधन्याचा मुलगा मुंबईस असतो. त्याने चार दिवसांसाठी घर भाड्याने दिले होते. आम्ही शेजारी. आम्ही सगळे पाहत होतो.

त्यांनी खिडक्यांवर काळे कापड लावले. भरदुपारी आत रात्र झाली! एक माणूस पंख्यासारखे यंत्र घेऊन फिरत होता. त्यातून रबराच्या चिकाचे बारीक तंतू उडत. झाली कोळ्याची जाळी! दुसऱ्या यंत्रातून धूर सोडला. निळा दिवा लावला. झाले चांदणे! मग एक बाई पांढरे लुगडे नेसून माजघरातून चालत गेली. चहाच्या वेळी तीच बाई ओट्यावर बसून आमच्या नातीशी गप्पा मारीत होती.

ह्यात फसवणूक नाही. तो त्यांचा धंदा आहे. नाटकात राजा खरा नसतो, हे आपण जाणतो. तसेच हे. पण पुढे काय झाले, ते पाहा. मालिका टीव्हीवर आली. आमची नात त्या घरावरून शाळेत जायची, ती जाईना. म्हणे, "तिथं भूत आहे."

आमच्या आईंनी तिला जवळ घेतले. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. त्या म्हणाल्या, "अगो बाय, भूत कसलं? त्या माजघरात आमचं हळदीकुंकू व्हायचं. तुझ्या आजोबांचं बारसं झालं, तेव्हा पाळणा त्याच घरातून आणला होता. त्या घरचे तात्या आणि तुझे पणजोबा एका बोटीनं मुंबईला गेले. एकाच गिरणीत लागले. एकाच खोलीत राहिले."

नातीने विचारले, "गिरणी म्हणजे पिठाची?" तेव्हा आम्हांस कळले, की सांगायचे पुष्कळ राहिले आहे.

मुंबईतली बंद गिरणी

ही गिरणी पिठाची नव्हे, कापडाची. मुंबईतील पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली. १८५६ साली ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. पुढे गिरण्या वाढत गेल्या. परळ, लालबाग, वरळी, भायखळा ह्या भागाचे नावच गिरणगाव पडले. कोकण, सातारा, कोल्हापूर, अशा कितीतरी ठिकाणची माणसे तिथे गेली. भोंगा झाला, की पाळी सुरू. एका खोलीत दहा-पंधरा माणसे राहत. एक पाळी कामावर, तर दुसरी पाळी झोपलेली. महिना भरला, की गावाला मनीऑर्डर.

आमचे वडील माग चालवीत. शेकडो माग एकदम चालत. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. माणसे खुणांनी व ओठांवरून बोलत. वडील सुटीत गावी आले, तरी मोठ्याने बोलायचे. आई म्हणायच्या, "हळू बोला, हा माग नव्हे." त्यांस पुढे कमी ऐकू येऊ लागले. कापसाची पूस छातीत जाऊन खोकला जडला. पण त्याच मागावर आमची घरे शाकारली गेली. बहिणींची लग्ने झाली. आमची शाळाही त्यावरच झाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो कामगार गावी परतले. ते पुन्हा कामावर लागले नाहीत. पुढे एकेक गिरणी बंद पडली. बऱ्याच गिरण्यांच्या जागी उंच इमारती व मोठी दुकाने आली.

कुलाब्यास समुद्राकाठी मुकेश मिल आहे. १९८२ साली तिला आग लागली व ती बंद पडली. छपरे गेली. भिंतींना झाडे फुटली. मग तिथे चित्रपटवाले आले. १९९१ च्या 'हम' ह्या चित्रपटातील एक गाजलेले गाणे तिथे चित्रित झाले. पुढे कित्येक चित्रपट, मालिका व जाहिराती तिथे झाल्या. तिथे भूत आहे, अशीही वदंता उठली. जिथे माणसांनी पाळ्या केल्या, ती जागा लोकांना भुताची म्हणून ठाऊक झाली.

आता नाते ओळखलेत ना? गिरणीने माणूस ओढून नेला, म्हणून गावचे घर बंद झाले. पुढे गिरणीही बंद झाली. एकाच माणसाच्या ह्या दोन जागा. टीव्हीवर दोन्ही दिसतात. तो माणूस मात्र दिसत नाही.

पत्र्याची पेटी

आता त्या चार दिवसांतली एक गोष्ट. मंडळींना चित्रणासाठी एक जुनी पेटी हवी होती. त्यांच्या पोराने माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली आणली. गोष्टीत ती भुताच्या धनाची पेटी होणार होती. आई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी ती ओळखली. "अरे, ही तर तात्यांची मुंबईची पेटी! उघडा बघू."

पेटीत जुना सदरा होता. त्याखाली कागद होते. पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्य निर्वाह निधीची पावती, आणि गिरणीतला तिकीट नंबर. माळ्यावरचे लाकडी सामान वाळवीने खाल्ले होते. पत्र्यामुळे कागद वाचले.

ह्या कागदांचे मोल काय? गिरण्यांच्या जमिनींचा काही भाग कामगारांच्या घरांसाठी ठेवायचे ठरले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर जे पटावर होते, त्यांना व त्यांच्या वारसांना अर्ज करता आला. घरांची पहिली सोडत म्हाडाने २०१२ साली काढली. पण गिरणीत काम केल्याचा पुरावा हवा. तात्यांच्या मुलाने अर्ज केला होता, पुरावा नव्हता. गिरणीच जागेवर नाही, तर पुरावा मागावा कोणाकडे? आम्ही त्यास पेटीची खबर दिली. तो रातोरात गाडीत बसला. कागद दाखल करायची वेळ आली, तेव्हा तेच कागद पुढे केले आणि अर्ज पात्र ठरला. घर मिळायचे ते सोडतीत नंबर लागल्यावर. पण दार उघडे राहिले.

पेटी ओळखली ती आईंच्या आठवणीने. कोणी ओळखली नसती, तर कागद कचऱ्यात गेले असते.

आता तुम्ही लिहा

तुम्ही आता लिहायला शिकलात. मग एक वही घ्या. तुमच्या आळीत पडके घर, बंद शाळा, जुना घाणा, जे काही असेल, त्यासाठी एक पान ठेवा. घरातील वृद्ध माणसांस विचारा. ते कोणी बांधले? तिथे कोण राहत होते? काय काम चाले? केव्हा व का बंद पडले?

एकास विचारून थांबू नका, दोघांस विचारा. आमच्या आई म्हणतात, वडील दोन माग चालवीत. काका म्हणतात, चार. आम्ही दोन्ही लिहिले, आणि कोणी काय सांगितले, तेही लिहिले. खाली तारीख घातली.

जुने कागद पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा जमिनीवर ठेवू नका. आत काय आहे, ते झाकणावर लिहा. आणि चित्रणासाठी कोणी तुमचे घर मागितले, तर करार वाचून मगच सही करा. किती दिवस, किती भाडे, मोडतोड झाली तर भरून कोण देणार, हे त्यात पाहा. घर देण्याआधी माळाही पाहून घ्या.

आमची नात आता त्या घरावरून एकटी जाते. पाहुण्यांना सांगते, "हे तात्यांचं घर."

प्रश्न

१. बंद घर लवकर का पडते?
२. गिरणी कामगार खुणांनी का बोलत?
३. पेटीत कोणते कागद सापडले? त्यांचा काय उपयोग झाला?
४. तुमच्या गावातील एका बंद इमारतीविषयी पाच ओळी लिहा.